पाठीवरची चेन

२ सप्टेंबर

आज एक गोष्ट ठरवली. घरात सांगायला कोणी नाही, आणि लेकीला फोनवर सांगितली तर ती पहिल्या गाडीनं येऊन मला डॉक्टरकडे नेईल. म्हणून इथे लिहून ठेवतो.

तळ्यातल्या तराफ्यापर्यंत पोहत जायचं. याच महिन्यात.

आमची गल्ली संपते तिथे तळं सुरू होतं. पाणी बारा महिने गार. बऱ्याच आत एक लाकडी तराफा आहे, तळाशी साखळीनं बांधलेला. सकाळची पोहणारी मंडळी तिथवर जातात, वर चढून बसतात, दम खातात आणि परत येतात. ही रोज जायची. ही म्हणजे माझी बायको. गेल्या थंडीत गेली. आजार लहानसा वाटला होता, निघाला मोठा.

ती पोहायची तेव्हा मी काठावरच्या बाकावर थर्मास घेऊन बसायचो. इतक्या वर्षांत तराफ्यावर कधी गेलो नाही. माझं तिथे काय काम? पण आज तळ्याच्या फाटकावर पालिकेची पाटी लागली. तराफा कुजला आहे, महिनाअखेर काढण्यात येईल, नवा बसवण्याचा विचार नाही. पाटी वाचून घरी आलो, चहा टाकला, आणि ओतताना पाहिलं तर दोन कपांचा केला होता. मधे ही सवय सुटली होती.

तिथे बसून ही रोज काय बघायची ते मला एकदा बघायचं आहे. तराफा गेला की ते कायमचं राहिलं. एवढंच आहे.

५ सप्टेंबर

पोहता येतं मला. लहानपणी काकानं पाण्यात ढकलून शिकवलंय, त्यामुळे विसरणार नाही. प्रश्न थंडीचा आहे. वेटसूट लागणार, तो अंगभर घालायचा रबरी पोशाख. हिचा न्हाणीघरात हँगरवर टांगलेला आहे. लेक गेल्या खेपेला म्हणाली, "बाबा, हा मी घेऊन जाऊ का?" मी म्हटलं, "राहू दे, अडचण होत नाही." होते तशी. आंघोळ करताना कोपर लागतं.

हिचं हे खूळ मी निवृत्त झालो त्या वर्षी सुरू झालं. जन्मभर कारखान्यात स्टोअर सांभाळलं, सकाळच्या पाळीच्या भोंग्याआधी हजर. वाटलं, आता मनसोक्त झोपू. झोपलोही. पहिले काही महिने तर दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायचो. उठून करायचं काय? ही जेवायला हाक मारायची तर म्हणायचो, भूक नाही. आणि नेमकं तेव्हाच हिला पोहायची हुक्की आली. वेटसूट आणला. त्याची चेन पाठीवर, आणि हिचा हात काही तिथवर पोचेना. मग काय, उजाडलं न उजाडलं तोच न्हाणीघरातून हाक.

"अहो, चेन!"

मी धडपडत उठायचो. चेन लावून परत आडवं व्हावं, तर म्हणायची, "आता उठलाच आहात तर चला की काठापर्यंत. आल्यावर काढणार कोण?" झालं. वेटसूटवर माझा जुना कोट चढवून ती पुढे, आणि चहाचा थर्मास घेऊन मी मागे. थर्मासला तिनंच एक काळी पट्टी बांधून दिली होती, खांद्याला अडकवायला. पाण्यातून बाहेर आली की पुन्हा सगळ्यांदेखत तीच हाक, "अहो, चेन!" निवृत्तीच्या झोपेचं पार खोबरं झालं.

बाकी सगळ्यात हुशार बाई. ही एकच गोष्ट तिची माझ्यावाचून अडायची.

७ सप्टेंबर

संगणकावरून वेटसूट मागवला. पुढून चेनवाला. म्हणजे कोणाच्या पाया पडायला नको.

मापं विचारली होती. माझ्यासारख्याला मापं विचारणं म्हणजे गंमतच. अख्ख्या कारखान्याला बॉयलर सूट, गमबूट आणि हातमोजे मी दिले. माणूस दारात उभा राहिला की त्याचं माप मला कळायचं, टेप लावायची गरजच नव्हती. माझा एक नियम होता: एक माप मोठं द्यायचं. घट्ट झालं म्हणून लोक भांडायला येतात. सैल झालं म्हणून आजवर कोणी आलं नाही.

वजन, छाती, कंबर, सगळं तोंडपाठ होतं, ते भरलं. कारखान्यातल्या शेवटच्या वैद्यकीय तपासणीत मोजलेलंच आहे सगळं. आणि नियमाप्रमाणे एक माप मोठं सांगितलं.

कपड्यांवरून आठवलं. या वर्षी माझे सगळेच कपडे सैल व्हायला लागलेत. पँटी, सदरे, स्वेटर. हिच्यामागे मी साबण बदलला, तेव्हापासून. पट्ट्याला खिळ्यानं एक भोक पाडलं होतं, आज आणखी एक पाडलं. चामडंसुद्धा हल्ली ताणतं. मालाला पूर्वीचा दर्जा राहिला नाही.

१२ सप्टेंबर

खोकं आलं. घालून पाहिला. छान ऐसपैस आहे, हातपाय हलवायला भरपूर जागा. पाठीमागे पिशवीसारखा फुगतो आणि ढोपराशी चुण्या पडतात, पण पाण्यात बसेल अंगाला. आरशात पाहिलं. स्टोअरच्या खुंटीवर टांगलेला बॉयलर सूट दिसावा तसा दिसत होतो. हिनं पाहिलं असतं तर हसून लोळली असती.

घालून तसाच स्वयंपाकघरात बसून पाव खाल्ला. वेगळं जेवण करायचा कंटाळा आला.

१४ सप्टेंबर

फजिती. लिहायलाही नको वाटतं, पण लिहितो.

टोळी यायच्या आधी जाऊन यावं म्हणून लवकर गेलो. टोळी म्हणजे ती सकाळची मंडळी. पायऱ्या उतरलो, कमरेपर्यंत गेलो, आणि गळ्यातून, मनगटांतून, जिकडून वाट मिळाली तिकडून पाणी आत शिरलं. नुसतं शिरलं नाही, आत खेळायला लागलं. एक हात मारला की ऊब आलेलं पाणी बाहेर आणि बर्फासारखं आत. दुसरा हात मारला की पुन्हा तेच. दात वाजायला लागले. बाहेर यायला निघालो तर पाय उचलेनात, दोन्ही पायांत बादली बादली पाणी. पायऱ्यांवर अक्षरशः रांगत आलो आणि बसलो. पायांतून पाणी वाहतंय, वाहतंय, थांबायचं नाव नाही.

नेमक्या तेव्हाच हेडबाई आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता टोळीच्या आहेत. मागे हात बांधून समोर उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय, तंबू घालून आलात?"

मी म्हटलं, "नवा आहे. बसेल हळूहळू."

"वेटसूट काही बसत नाही हळूहळू. हे तुमचं माप नाही."

मापाचं मला सांगतात! सुनावणार होतो, पण बोलता येईना, जबडा थरथरत होता. त्यांनी आपला टॉवेल माझ्या खांद्यांवर टाकला आणि म्हणाल्या, "बस थांब्यामागे दुकान आहे. तिथली बाई माप घेऊन देते. आणि एक ऐका, इथे एकट्यानं पाण्यात शिरायचं नाही. आमच्याबरोबर या."

"बघू," म्हटलं आणि निघालो. टॉवेल परत द्यायचं राहिलं.

१५ सप्टेंबर

अंग कणकणलंय. दिवसभर पडून होतो, भिंतीकडे तोंड करून. घरात इतकी शांतता होती की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला होत होतं.

लेकीचा फोन.

"बाबा, जेवलात का?"

"हो."

"काय जेवलात?"

"जेवण."

मग नेहमीचं. इकडे या, खोली तयार आहे, जावई स्वतः न्यायला येतील, एकटं कशाला राहायचं. मी म्हटलं, महिनाअखेर सांगतो. ती म्हणाली, "महिनाअखेरचं काय एवढं घेऊन बसलात?" म्हटलं, कामं आहेत.

खरं तर मी जाईनही. इथे माझं काही अडलेलं नाही आणि माझ्यावाचून कोणाचं काही अडत नाही. तराफा झाला की घर बंद करावं आणि जावं.

१८ सप्टेंबर

दुकानात गेलो. बदलून घ्यावा म्हणून तो तंबू पिशवीत घालून नेला होता.

दुकानवाली तिशीतली, केस ओले, बहुतेक पोहूनच येऊन बसलेली. तिनं तंबू उलगडला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, हा कोणाचा?"

"माझा."

"वजन किती सांगितलंत?"

सांगितलं. तिनं कोपऱ्यातला काटा पुढे सरकवला. मी उभा राहिलो. काटा बिघडलेला असणार असं म्हणालो, तर तिनं स्वतः उभी राहून दाखवलं. मग टेप काढली. छाती, कंबर, मांडी, मनगट. प्रत्येक आकडा माझ्या आकड्यापेक्षा कमी. माझं माप दुसऱ्या कुणी घ्यावं हीच मुळात पंचाईत, त्यात चुकीचं ठरावं!

"काका, मधे आजारी होता का?"

"नाही."

"मग जेवता ना नीट?"

हा प्रश्न दुकानदारानं विचारायचा नाही. आम्ही स्टोअरला कधी कोणाला विचारला नाही. मी म्हटलं, "साबण बदललाय." हे उत्तर कसं काय बाहेर पडलं कोण जाणे. ती हसली नाही, हे मात्र तिचं चांगलं.

मग तिनं समजावलं. वेटसूट पाणी बाहेर ठेवत नाही, थोडं आत येऊ देतो. अंगाला लागून असला की ते थोडं पाणी आत थांबतं आणि आपल्याच उबेनं गरम होतं. सैल असला की थांबतच नाही. त्यामुळे काखेत, कमरेच्या खोलगट भागात, मांड्यांच्या मधे कुठे जागा उरता कामा नये. उकिडवं बसता आलं पाहिजे, हात वर करता आला पाहिजे, पोटभर श्वास घेता आला पाहिजे. "एक माप मोठं वगैरे इथे चालत नाही," ती म्हणाली. मी मनातलं बोललो नव्हतो, तरी.

पुढून चेनवाल्यात माझ्या अंगाला एकही येईना. खांदे जमले तर कंबर नाही. शेवटी जो बसला तो पाठीवर चेनवाला. पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून तो चढवायचा, म्हणजे सरकतो. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी थोडा थोडा वर घ्यायचा. घाम फुटला. मग तिनं मागून चेन वर ओढली, आणि तो एकदम सगळीकडून आवळला. छाती, पाठ, दंड, मान. घाबरून म्हटलं, "फार घट्ट आहे."

"श्वास घ्या. आला?"

आला.

"मग बरोबर आहे. मिनिटभर राहू दे अंगावर."

ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. मी त्या लहानशा खोलीत पडद्यामागे स्टुलावर बसलो. गेल्या थंडीपासून मला इतकं घट्ट कोणी धरलेलं नव्हतं. भेटायला आलेल्या लोकांनी खांद्यावर हात ठेवले, लेकीनं मिठी मारली ती फाटकापाशी, टॅक्सी थांबलेली असताना. मला रडू आलं. रबराच्या कापडात बसून रडलो, चांगला पाच-दहा मिनिटं. तिनं पडदा उघडला नाही. बाहेरून म्हणाली, "काका, सावकाश."

चेनीचं विचारलं, की घरी मी एकटाच असतो. ती म्हणाली, "त्याची काळजी नको," आणि चेनीला लावलेली लांब काळी पट्टी माझ्या खांद्यावरून पुढे आणून हातात दिली. "ही ओढायची. एकट्यानं लावता यावी म्हणूनच असते. पाठीवरच्या चेनीला सगळ्यांनाच असते."

ओढली. खट्‌कन बंद. कोणाची गरज नाही. सोय उत्तम आहे.

१९ सप्टेंबर

नवा वेटसूट हिच्याशेजारी टांगला. न्हाणीघरात आता दोघांची गर्दी झालीय.

टांगताना लक्षात आलं, हिच्या चेनीला पट्टी नाही. नुसतं धातूचं टोक. बारकाईनं पाहिलं तर त्या टोकाच्या कडीत काळ्या कापडाचा नखाएवढा तुकडा शिल्लक आहे. म्हणजे तुटून गेली असणार, बहुतेक बनवणाऱ्या कारखान्यातच. सदोष माल! मी तेव्हा एक नजर टाकली असती तर दुसऱ्या दिवशी बदलून आणला असता. बिचारी इतकी वर्षं उगाच माझ्यावर अवलंबून राहिली.

२२ सप्टेंबर

आज एकटाच गेलो. हेडबाईंचा नियम माहीत आहे, पण मला लोकांदेखत जायचं नव्हतं. ही माझी आणि हिची गोष्ट आहे.

पट्टी ओढून चेन लावली. वेटसूटनं काम चोख केलं. पाणी आत आलं, पाठीवरून एक थंड रेघ गेली, आणि मग थांबलं, आणि खरंच थोड्या वेळानं कोमट झालं. हात मारत निघालो. काकाची शिकवण शाबूत आहे. निम्मं अंतर गेलो असेन. तराफ्याची शिडी दिसायला लागली, तिच्यावरचं शेवाळ दिसायला लागलं. तेव्हा सवयीनं मागे वळून पाहिलं.

काठावर कोणी नव्हतं. बाक रिकामं. पायऱ्या रिकाम्या. मी इथे बुडालो तर कोणाला कधी कळेल याचा विचार केला. लेकीच्या पुढच्या फोनपर्यंत नाही. आणि हा विचार आल्यावर हातातलं बळच गेलं. थंडी वाजत नव्हती, दमही लागला नव्हता. पण पुढे जाववेना. परत आलो.

चेन स्वतःच काढली. थर्मासमधला चहा एकट्यानं प्यायलो. तसा रोज एकटाच पितो, पण आज तो गिळवेना.

बहुतेक तराफा राहूनच जाणार.

२४ सप्टेंबर

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. हेडबाई. हातात सुपाचं पातेलं.

"टॉवेल न्यायला आले," म्हणाल्या, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला. "परवा एकटे गेला होतात ना? मी वरच्या रस्त्यावरून पाहिलं. तुम्ही काठाला लागेपर्यंत जीव टांगणीला लागला होता माझा. मुलांना शिक्षा करायची सवय गेली म्हणून, नाहीतर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला."

सूप वाढलं. मी एक वाडगा संपवला आणि त्यांनी न विचारता दुसरा भरला. तेवढ्यात त्यांचं लक्ष ओट्यावरच्या थर्मासकडे गेलं. त्यांनी तो उचलला आणि ती काळी पट्टी बोटांवरून सरकवत बसल्या.

"ही अजून आहे होय!"

"हिनं बांधून दिली होती," मी म्हटलं.

"माहीत आहे. माझ्यासमोर कापली वहिनींनी."

"काय कापलं?"

"ही. वेटसूटची पट्टी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, ती पट्टी कारखान्यातच तुटली होती, माल सदोष होता, हिचा हात चेनीपर्यंत पोचत नव्हता. सगळं एका दमात सांगितलं. हेडबाईंनी ते शाळेतल्या बाईसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमच्या घरी वरच्या फळीवरचे डबे कोण काढायचं?"

"हीच."

"मग हाताला काय झालं होतं?"

मी चमचा खाली ठेवला.

त्यांनी सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी ही एकटीच काठावर आली. तिथेच वेटसूट घातला, पट्टी ओढून स्वतः चेन लावली आणि झकास पोहून आली. मग बाकावर बसली आणि हेडबाईंच्या औषधांच्या पेटीतली कात्री मागितली. हेडबाई म्हणाल्या, "अहो वहिनी, ती कापू नका, मग एकटीला लावता यायची नाही." तर ही म्हणाली, "तेच तर हवंय. आमच्याकडे एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलंय. त्याला हाक मारायला काहीतरी निमित्त नको का?"

पट्टी वाया जाऊ नये म्हणून थर्मासला बांधली. तेही तिथेच, बाकावर बसून.

हेडबाई गेल्या. टॉवेल पुन्हा विसरल्या. मी बसून राहिलो. मला वाटत होतं, मी हिला सांभाळत होतो. रोज सकाळी, वर्षानुवर्षं, मनातल्या मनात थोडे उपकारही करत होतो. आणि ती बया मला हाताला धरून बिछान्यातून उठवत होती, नेत होती, आणत होती, आणि याचा एका शब्दानं पत्ता लागू दिला नाही. मला फार राग आला तिचा. फार आठवण आली.

२५ सप्टेंबर

माझ्या वेटसूटची पट्टी कापली. टोक मेणबत्तीवर जरा वितळवून घेतलं, म्हणजे दोरे सुटत नाहीत. थर्मासची पट्टी पाहिली, तिचंही टोक तसंच वितळवलेलं आहे. मी ती रोज खांद्यावर घेत होतो.

चांगला नवा माल, मुद्दाम खराब केला. स्टोअरला असं कोणी केलं असतं तर मी त्याची तक्रार वर पाठवली असती.

२७ सप्टेंबर

टोळीच्या वेळेला गेलो. वेटसूट घरूनच घालून, वर माझा जुना कोट, खांद्याला थर्मास. कोटाखाली पाठ रस्ताभर उघडी, आत वारा शिरत होता.

काठावर सगळे जमले होते. कोणी टोपी चढवत होतं, कोणी हातपाय झाडत होतं, एकमेकांची थट्टा चालली होती. मी बाकापाशी कोट काढला आणि थर्मास ठेवला. आता कोणाला तरी सांगायला हवं होतं. रस्त्यानं येताना वाक्य जुळवलं होतं, जरा मदत कराल का वगैरे, नीट, सभ्य. तोंड उघडलं तर ते वाक्य आलंच नाही.

"अहो, चेन!"

आवाज मोठा आला. सगळ्यांचे हात थांबले. या काठावर ही हाक त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली होती, पण माझ्या तोंडून नाही. कोणी हसलं नाही. हेडबाई आल्या, माझ्या मागे उभ्या राहिल्या, आणि एका हातानं खाली कमरेपाशी कापड धरून दुसऱ्यानं चेन वर नेली. अगदी बरोबर पद्धत. मानेशी पोचल्यावर पाठीवर एक थाप मारली. मीही तशी मारायचो.

"पट्टी कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"सदोष माल," मी म्हटलं.

मग गेलो. मधल्या जागेपाशी पुन्हा तीच भीती येईल म्हणून वाट बघत होतो. आलीही. पण पुढे दोन टोप्या होत्या, मागे तीन, आणि हेडबाई शेजारून पोहता पोहता मला हात कसा मारावा ते शिकवत होत्या, न विचारता. त्यांच्या बडबडीतच शिडी आली.

तराफा खरंच कुजलाय. फळ्या पायाखाली मऊ लागतात. टोळी नेहमीप्रमाणे डोंगराकडे तोंड करून बसली. तिकडे उन्हं येतात, दिसतं छान. मीही तसाच बसणार होतो, तर हेडबाई म्हणाल्या, "वहिनी इकडे बसायच्या. या कोपऱ्यात, काठाकडे तोंड करून. मी एकदा म्हटलं, अहो, तिकडे काय बघताय, डोंगर इकडे आहे. तर म्हणाल्या, इथून हे बरे दिसतात. मला चहा गरम मिळावा म्हणून थर्मास कोटात धरून बसतात."

मी थर्मास कोटात धरायचो तो मला थंडी वाजायची म्हणून. पण हे आता कोणाला सांगणार?

त्या कोपऱ्यात जाऊन बसलो. तळं, पायऱ्या, आणि त्यांच्या वर बाक. वाटलं होतं त्यापेक्षा खूप स्पष्ट दिसतं तिथून. बाकावर माझा कोट होता, एक बाही खाली लोंबकळत होती, आणि शेजारी थर्मास, काळ्या पट्टीसकट. माणूस नुकताच उठून जरा कुठे गेला असावा असं दिसत होतं. बघत राहिलो. वेटसूटमधलं पाणी गरम झालं होतं. टोळी उठली, फळ्या हलल्या, कोणीतरी पाण्यात उडी मारली, तरी मी बसून होतो.

मग मी हात वर केला आणि हलवला.

"कोणाला हात करताय?" हेडबाईंनी विचारलं.

"कोणाला नाही," मी म्हटलं. "थर्मासचं झाकण नीट लावलंय की नाही ते बघत होतो."

आम्ही परत आलो. पायऱ्यांवर पाठ वळवून उभा राहिलो आणि त्यांनी चेन काढली. चहा सगळ्यांना घोट घोट पुरला.

लेकीला फोन केला. म्हटलं, खोली नको, दिवाणखान्यातला सोफा मोकळा कर, पुढच्या महिन्यात आठवडाभर येतो. ती म्हणाली, "आठवडाभरच?" म्हटलं, हो, त्याहून जास्त जमायचं नाही, सकाळी माझ्यासाठी लोक थांबतात.